नामांतरण: अण्णांचं घर आईच्या नावावर करताना

इंदूरला नगर निगमच्या संपत्तीकराच्या खात्यावर वडिलांचं नाव काढून आईचं लावायचं, एवढंच काम होतं. वाद नाही, भांडण नाही, बिल्डर नाही. आई, ताई आणि मी, तिघांचं एकमत. अण्णा जाण्यापूर्वी मृत्युपत्र लिहून गेले होते, तेसुद्धा हिंदीत, कारण आयुष्यभर सरकारी नोकरीत राहिलेल्या माणसाला कागद कोण वाचणार हे पक्कं माहीत होतं. तरीही ही फाईल जिथे अडकली ती जागा आठवली की अजून माझं डोकं तडकतं. ज्यांच्या घरात सून आणताना किंवा मुलगी देताना नाव बदललं आहे, त्यांनी हे जरूर वाचावं. इंदूर, ग्वाल्हेर, देवास, उज्जैन, कुठेही असाल तरी.

मृत्यूचा दाखला, जुन्या रजिस्ट्रीची प्रत, कराची शेवटची पावती, आईचं आधार, समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा कुटुंब-नोंदणी क्रमांक), हे सगळं पटापट जमलं. मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत केली की विलंब शुल्काची भानगड नसते; आमची नोंद इस्पितळातूनच झाली होती. दाखल्याच्या प्रती मात्र भरपूर काढा. बँक, पेन्शन, विमा, गॅस, प्रत्येकाला एक हवी असते आणि प्रत्येक जण ती ठेवून घेतो.

अर्ज झोन ऑफिसात दिला. कुठलं झोन ते लिहीत नाही, आम्हाला याच वॉर्डात राहायचं आहे. मृत्युपत्र रजिस्टर केलेलं नव्हतं, घरी लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घेतलेलं होतं. कायद्याने ते चालतं, पण खिडकीवरच्या बाबूने सांगितलं की सगळ्या वारसांची अनापत्ती, म्हणजे ना-हरकत पत्र, लागेल. बरोबर आहे. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात बायको, मुलगा, मुलगी एकाच रांगेत बसतात. मी माझी अनापत्ती दिली. ताईने पुण्याहून तिची पाठवली. खाली नाव: मृणाल आपटे.

बाबूने मृत्युपत्र वाचलं, अनापत्ती वाचली, परत मृत्युपत्र वाचलं आणि पेनाचं टोक एका ओळीवर ठेवलं.

“काले साहब, ये सुनंदा कौन है?”

“दीदी हैं मेरी.”

“तो इनकी एनओसी कहाँ है?”

“यही तो है. मृणाल.”

“ये तो मृणाल की है. सुनंदा की लाइए.”

आता गंमत अशी की अण्णांनी मृणाल हे नाव कधी मान्यच केलं नव्हतं. भाऊजींनी लग्नात ठेवलेलं नाव, सासरी सगळे त्याच नावाने हाक मारतात, बँकेत ती त्याच नावाने निवृत्त झाली, पण अण्णांच्या तोंडी शेवटपर्यंत सुनंदा. मृत्युपत्रातही “मेरी पुत्री सुनंदा”.

मी समजावून सांगायला लागलो. आमच्यात लग्नात मुलीचं पाळण्यातलं नावही बदलतात. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्याने अंगठीने त्यात नवीन नाव लिहायचं. शेजारच्या टेबलावरच्या मॅडमनी संगणकावरून मान वर केली आणि म्हणाल्या, “अच्छा, सरनेम नहीं, पूरा नाम ही?” हो, पूर्ण नावच. त्यांना ही पद्धत फार आवडली. बाबूला नाही.

“ठीक है, चावल में लिखा. फिर कोई प्रमाणपत्र?”

तांदळाचं प्रमाणपत्र! माणूस चेष्टा करत नव्हता हो, हेच वाईट होतं. त्याच्या बाजूने पाहिलं तर समोर दोन नावं, दोन आडनावं, आणि हा काळे सांगतो म्हणून एकच बाई. उद्या खरी सुनंदा आली तर उत्तर कोण देणार? हे मला पटतं. पटत नाही ते पुढचं. काय हवं ते त्याने एका वेळी, एका कागदावर कधीच लिहून दिलं नाही. प्रत्येक वेळी एक वस्तू सांगायची, ती आणली की दुसरी.

पहिल्यांदा म्हणाला, दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं शपथपत्र आणा. ताईने पुण्यात नोटरीकडे जाऊन केलं, स्पीड पोस्टने पाठवलं. ते हातात घेऊन वरचा स्टॅम्प बघितला, “ये तो महाराष्ट्र का है. यहाँ का चाहिए.” बाई पुण्यात राहते, शपथ पुण्यात घेते, तर स्टॅम्प इंदूरचा कुठून आणणार? यावर उत्तर, “वो आप देख लो.” नियम दाखवा म्हटलं तर “साहब से पूछ लीजिए”, आणि साहेब स्वच्छतेच्या सर्वेच्या ड्यूटीवर. इंदूर 2017 पासून स्वच्छतेत पहिलं येतं याचा मला इतर कुणाइतकाच अभिमान आहे. सकाळी कचऱ्याची गाडी वेळेवर येते, त्याबद्दल एक शब्द बोलणार नाही. पण सर्वे जवळ आला की निम्मं ऑफिस रस्त्यावर आणि फायली कपाटात, हेही तितकंच खरं.

शेवटी ताई गौरी-गणपतीला आली तेव्हा तिला घेऊन एमजी रोडवर जिल्हा कोर्टात गेलो, मध्य प्रदेशच्या ई-स्टॅम्पवर नवीन शपथपत्र केलं. ताई पासष्टीची, गुडघे दुखतात, नोटरीच्या छत्रीखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून सही करताना म्हणाली, “अरे, मी मीच आहे हे सांगायला मला पुण्याहून यावं लागलं.” आम्ही दोघं थेट झोन ऑफिसात. बाबूने ताईला नमस्कार केला, “बैठिए दीदी” म्हणाला, पंखा तिच्याकडे वळवला, आणि मग म्हणाला की शपथपत्र तर आहे, पण त्याला आधार म्हणून एखादा सरकारी कागद लागेल ज्यावर दोन्ही नावं आहेत.

असा कागद बहुतेकींकडे नसतो. घरी जाऊन ट्रंक उपसली. हायर सेकंडरीची मार्कशीट: सुनंदा काळे, म्हणजे तिथे “काले” छापलंय ते वेगळंच. आधार, पॅन, पेन्शनचं पुस्तक: मृणाल आपटे. अलीकडची आणि पलीकडची, मधला पूल नाही. विवाह प्रमाणपत्र म्हणाल तर तिच्या लग्नाच्या वेळी ते काढायला कोण गेलं होतं! सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या लग्नांची नोंदणी सक्तीची करायला सांगितलं ते 2006 मध्ये. तोपर्यंत लग्नपत्रिका, फोटो आणि भटजी. पत्रिका सापडली, तीवर चि. सौ. कां. सुनंदा. नवीन नाव पत्रिकेवर कुठून असणार, ते तर तांदळात लिहिलं गेलं दुसऱ्या दिवशी.

आणि यात आई कशी सुटली ते बघा. आईचंही नाव बदललं होतं, ती माहेरची सिंधू. पण आईच्या माहेरच्या नावाचा जगात एकही कागद नाही. शाळा चौथीपर्यंत, दाखला कधी काढलाच नाही. त्यामुळे आई सगळीकडे एकाच नावाची, निर्विघ्न. ताई शिकली, नोकरी केली, कागद वाढले आणि अडकली ती. हे मी बाबूला सांगितलं नाही, घरी सांगितलं तर ताई म्हणाली, “आता तू माझं शिक्षण काढू नकोस.”

दरम्यान मी 181 ला फोन लावला. सीएम हेल्पलाइनचा उपयोग होतो, पण कसा ते समजून घ्या. तक्रार खालच्या पातळीवर, म्हणजे एल-1 वर जाते, तिथे सुटली नाही की वर सरकते, आणि ती वर सरकू नये ही खालच्यांची काळजी. म्हणून तुम्हाला फोन येतात. मलाही आला, फार गोड आवाजात, “अंकल, आपका काम हो जाएगा, शिकायत बंद करवा दीजिए.” काम झाल्यावर बंद करतो म्हटलं. परत फोन. परत तेच उत्तर. हातात कागद पडेपर्यंत तक्रार बंद करू नका, कितीही अंकल म्हणू देत. मंगळवारी जनसुनवाई असते, म्हणजे अधिकाऱ्यांसमोर थेट तक्रार मांडता येते, तिथेही जायची तयारी ठेवली होती, तशी वेळ आली नाही.

सुटका झाली ती भाऊजींमुळे. ते फोनवर म्हणाले, हिने बँकेत नाव बदललं तेव्हा गॅझेट केलं होतं ना? ताई साफ विसरली होती. नोकरी लग्नाआधी लागलेली, बँकेला सर्व्हिस बुकात नाव बदलायला महाराष्ट्र शासनाचं राजपत्र लागलं होतं. भाऊजींनी माळ्यावरची फाईल काढली. त्यात राजपत्राचं एक पिवळं पान, घडीवर फाटलेलं, मागून सेलोटेप. दहा-पंधरा नावांच्या गर्दीत आमची ओळ: जुनं नाव, नवीन नाव, पुण्याचा पत्ता. बस. एवढी एक ओळ.

ते पान लॅमिनेट करू नका असं मी भाऊजींना बजावलं, कुरियरने मागवलं, सोबत स्वच्छ झेरॉक्स. बाबूने पान उजेडाला धरलं, गोल शिक्का शोधला. राजपत्रावर शिक्का नसतो, वर छापलेली राजमुद्राच असते. ती बघितल्यावर चेहरा बदलला. टॅग सोडला, कागद आत ओवला, टॅग बांधला. “यही चाहिए था. पहले ले आते.”

मी काही बोललो नाही. बायको सोबत आली होती, तिने माझी बाही धरून ठेवली होती.

त्यानंतर सगळं सुरळीत. जाहीर सूचना निघाली, महिनाभर हरकतीची वाट, कुणाची हरकत आली नाही, साहेबांची सही, खातं आईच्या नावावर. दोन ओळींत संपणारा भाग आहे तो.

तर ज्यांच्या घरात अशी ताई, वहिनी, बायको आहे त्यांनी हे काम आत्ताच करून ठेवा. महाराष्ट्रात राहत असेल तर तिथल्या राजपत्रातल्या नावबदलाचा अर्ज आता ऑनलाइन होतो. गॅझेट नसेल तर निदान एक शपथपत्र आणि वर्तमानपत्रातली नावबदलाची सूचना, ज्या दिवशीचा अंक त्या दिवशीचं अख्खं पान ठेवा, कात्रण नको. मृत्युपत्र लिहिणाऱ्या वडीलधाऱ्यांनी मुलीच्या दोन्ही नावांमध्ये “उर्फ” लिहावं. अण्णांनी हा एक शब्द लिहिला असता तर ताईचे गुडघे वाचले असते. पण अण्णांना तो लिहायला कोण सांगणार?

आडनावाचंही तेच. इथल्या कागदांत काळे, काले, कहीं-कहीं काळें, सगळे सापडतात. शपथपत्र करतानाच सगळी रूपं एका वाक्यात घालून घ्या, स्टॅम्पचे पैसे तेवढेच लागतात.

अर्ज देताना आवक क्रमांक आणि तारीख आपल्या प्रतीवर लिहून घ्यायला विसरू नका; 181 वर तोच विचारतात. थकबाकी असेल तर फाईल पुढे जात नाही. थकबाकी मोठी असेल तर नॅशनल लोक अदालतीची तारीख बघा, गेल्या काही वर्षांत कर आणि अधिभार मिळून 50,000 रुपयांपर्यंत असेल तर अधिभार पूर्ण माफ होत आला आहे. मूळ कर मात्र भरावाच लागतो.

नवीन नावाचं बिल आलं की आकडा नीट बघा. मालक स्वतः राहत असेल तर संपत्तीकरात निम्मी सूट असते, आणि नाव बदलताना “स्वनिवासी”चा शेरा पडून गेला तर बिल एकदम फुगतं. आमच्या गल्लीत एकांचं असं झालं आहे, ते अजून चकरा मारत आहेत.

आणखी एक, कारण शेजारच्या काकांनी मला अभिनंदन करत विचारलं, “म्हणजे घर आता वहिनींचं झालं?” नाही. नगर निगमचं नामांतरण म्हणजे कर कुणाकडून घ्यायचा याची नोंद. मालकी त्याने ठरत नाही, न्यायालयांनी हे पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. ताईची अनापत्ती म्हणजे तिचा हक्कत्यागही नव्हे. हक्क सोडायचा असेल तर रजिस्टर्ड हक्कत्याग पत्र करावं लागतं. आम्ही तसं काही केलेलं नाही आणि करणारही नाही. ताईचा वाटा ताईचा.

नळाचं खातं वेगळं असतं, हे मला नंतर कळलं. नर्मदेच्या पाण्याचं बिल अजून अण्णांच्या नावाने येतं. त्याला वेगळा अर्ज, त्याच कागदांचा संच, खिडकी दुसरी. तिथल्या मॅडमनी फाईल चाळून राजपत्राचं पान बघितलं आणि म्हणाल्या, “इसकी ज़रूरत नहीं है, सिर्फ़ माताजी का आधार दे दीजिए.”