अण्णांची येणी

कल्याणच्या पारनाक्यावरचं घर रिकामं करताना माळ्यावर पत्र्याची ट्रंक निघाली. तिच्यात अण्णांची, म्हणजे माझ्या आजोबांची, वही होती आणि दोऱ्याने बांधलेल्या अर्जांच्या कार्बन प्रती.

अण्णा एल.सी.पी.एस., म्हणजे त्या काळची डॉक्टरकीची पदविका घेतलेले डॉक्टर. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी बराकींत ठेवलं होतं. पाच कॅम्प, माणसं लाखाच्या घरात. 8 ऑगस्ट 1949ला राजगोपालाचारींच्या हस्ते पायाभरणी होऊन उल्हासनगर झालं, तरी आमच्या घरात शेवटपर्यंत 'कॅम्प'च. दवाखाना आटोपला की अण्णा सायकलने वालधुनी नदी ओलांडून तिकडे जायचे.

लहानपणापासून ऐकलं ते एवढंच: अण्णांनी कॅम्पात एक पै घेतली नाही. दिवाळीला एका सिंधी घरातून पापड यायचे, तीच त्यांची फी, असं आत्या सांगायची.

पेशंटकडून घेतली नाही, हे खरं. पण एका सरकारी कचेरीने व्हिजिटचे आणि औषधाचे पैसे कबूल केले होते, ते अण्णा पाच वर्षं मागत राहिले. 'बाई, वय 30, हिवताप, मिक्श्चर 3 दिवस', पुढे आणे. त्या काळी मिक्श्चरसाठी बाटली पेशंटनेच घरून आणायची. यांच्याकडे घरच नव्हतं, बाटली कुठली? अण्णांनी भंगारवाल्याकडून घेतल्या, उकळून, डोसांच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवून दिल्या. परत आलेल्या बिलावर 'बाटल्या' या शब्दावर लाल पेन्सिलीची रेघ आहे.

रेशनकार्डाचा नंबर नसलेले सगळे पेशंटही कचेरीने कापले. त्यावर अण्णांनी लिहिलंय, "बाळंतीण अडली असता कार्ड विचारणे मजकडून झाले नाही."

बिल 412 रुपये 8 आण्यांचं. मिळाले 160. त्याच पानावर कंपाउंडरचा थकलेला पगार आहे आणि 'पाटल्या, गहाण' अशी नोंद. पाटल्या आजीच्या.

आत्या म्हणते, हे कुणाला सांगू नकोस, लोकांना वाटेल पैशाला हपापले होते. मला तसं मुळीच वाटत नाही. त्या माणसांची जबाबदारी सरकारने घेतली होती आणि तिचा खर्च आमची आजी सोसत होती. अण्णांनी ते मुकाट्याने चालू दिलं नाही, याचा मला पापडांपेक्षा जास्त अभिमान आहे.

शेवटचा अर्ज 1954चा. अक्षर थोडं हललंय, आकडा मात्र तोच: 'येणे बाकी रु. 252-8-0, बाटल्यांसह.'