तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या कुत्र्याच्या, बंड्याच्या, अंगाला वास कसा येत नाही?

घरी येणारे जवळजवळ सगळे हेच विचारतात. "लॅब्रॅडॉर पाळलाय, बाहेर चिपळूणचा पाऊस, तरी घरात वास नाही! आंघोळ रोज घालता का?" महिन्यातून एकदा, असं सांगितलं की कुणालाच पटत नाही.

पूर्वी मी दर रविवारी घालायचे. दोन दिवस बरे जायचे, तिसऱ्या दिवशी पुन्हा तोच आंबूस वास. मग आमचाच शाम्पू चोळला, पाण्यात फरशीचं जंतुनाशक टाकलं. वास गेला नाहीच, पण पोटाकडची कातडी लाल झाली, कोंडा झडायला लागला. माणसाच्या कातडीचा पीएच (आम्लपणा मोजायचा आकडा) साडेपाचच्या आसपास, कुत्र्याचा सातच्या जवळ, त्यामुळे आपला शाम्पू त्याला मानवत नाही. हे मला फार उशिरा कळलं.

एका संध्याकाळी त्याने मांडीवर डोकं टेकलं आणि वासाचा भपकारा आला. कान उलटा करून बघितला. आत तपकिरी, चिकट मळ, कातडी लालभडक आणि गरम. डॉक्टरांनी कापसाच्या काडीने मळ घेतला, काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. यीस्ट! ही बुरशी निरोगी कुत्र्याच्या अंगावरही थोडी असतेच. लोंबत्या कानात ओल साचून राहिली की फोफावते. तो कित्येक दिवस डोकं झटकत होता आणि मी ते लाडात येणं समजत होते. त्याचं वाईट मला अजून वाटतं.

म्हणून आंघोळीच्या आधी वास नेमका कुठून येतोय ते शोधा. खारट, सडक्या मासळीसारखा वास येत असेल आणि कुत्रा ढुंगण जमिनीवर घासत असेल, तर गुदद्वाराजवळच्या ग्रंथी भरल्यात. त्या डॉक्टरांकडूनच रिकाम्या करून घ्या. तोंडाचा वास बहुतेक वेळा दातांवरच्या किटणाचा असतो. पगसारख्या कुत्र्याच्या चेहऱ्यावरच्या घड्या रोज कोरड्या पुसायला हव्यात. तोंडाला गोडसर किंवा लघवीसारखा वास येऊ लागला आणि पाणीही खूप प्यायला लागला, तर थांबू नका, रक्त तपासा. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असू शकतो. वरून अत्तर, पावडर काही मारू नका. मूळ झाकलं जातं, दुखणं आत वाढत राहतं.

बाकी आमच्याकडे विशेष असं काही नाही. पावसातून आला की जुन्या पंच्याने बोटांच्या बेचक्यांपर्यंत कोरडा करायचा, मग पंख्याखाली. अंथरूण आठवड्याला गरम पाण्यात. खरं तर निम्मा वास त्या गोधडीलाच असतो. आणि रात्री झोपायच्या आधी दोन्ही कान उलटे करून नाक जवळ न्यायचं. बंड्याला आता इतकी सवय झालीये, की मी खाली बसले की तो आपणहून डावा कान पुढे करतो.