नव्या सबचा गेन: २८.३ व्होल्टपर्यंत पोचायला लागलेले दोन रविवार

मागच्या नोंदीत पेटी पुरी झाली होती. १८ मिमीचं एमडीएफ, सांध्यांना आतून सिलिकॉन, बंद पेटी, आतली जागा साधारण एक घनफूट. त्यात आता बारा इंची सब (सबवूफर, फक्त खालचे सूर वाजवणारा स्पीकर) बसला आहे: दोन व्हॉइस कॉइल (पडदा हलवणाऱ्या तारेच्या गुंडाळ्या), प्रत्येकी ४ ओहम, ४०० वॅट आरएमएस, म्हणजे सतत झेपणारी ताकद. अँप क्लास-डी मोनोब्लॉक (एकाच चॅनेलचा), २ ओहमला ५०० वॅट. दोन्ही कॉइल पॅरलल जोडल्या म्हणजे २ ओहम होतात. गाडी तीच, केए-२२ची, म्हणजे बेळगावची, जुनी स्विफ्ट.

आधीचा दहा इंची सब कसा गेला ते सांगतो, कारण या वेळी गेनवर (अँपवरचा पातळी जुळवायचा स्क्रू) एवढा वेळ का घालवला ते त्याशिवाय कळणार नाही. तो एका दुकानात बसवून घेतला होता. बसवणाऱ्याने कानाने गेन पाऊण फिरवला, बेस बूस्ट (खालचे सूर फुगवणारं बटण) शेवटपर्यंत नेला आणि "आता बघा" म्हणाला. पहिले दोन महिने मलाही तो आवाज आवडत होता. मग गोव्याहून चोर्ल्याने परत येताना, कणकुंबीच्या अलीकडे, डिकीतून जळक्या वार्निशचा वास आला. गाडी बाजूला घेऊन सबचा कोन (पुढचा हलणारा पडदा) हाताने दाबून बघितला तर आतून खरखर लागली. कॉइल गेली होती.

ते का झालं ते नंतर आकडे मांडल्यावर कळलं. बेस बूस्ट १२ डीबी म्हणजे त्या फ्रिक्वेन्सीला व्होल्टेज जवळजवळ चौपट आणि वॅट सोळापट मागितले जातात. अँपकडे एवढे नसतातच. मग लाटेची शेंडी सपाट कापली जाते. तेवढ्याच उंचीची लाट पूर्ण चौकोनी झाली तर तिच्यात गोल लाटेच्या दुप्पट पॉवर असते, आणि ती सगळी उष्णता कॉइलमध्ये उतरते. त्या बेसला आवाज फाटल्याचं चटकन कानाला कळतही नाही, उलट जरा जास्त दणका लागतो. म्हणून कानावर गेन लावायचा नाही, मीटरवर लावायचा, असं या वेळी ठरवूनच बसलो.

शनिवार, वायरिंग

यावर फार लिहीत नाही, पण दोन गोष्टी राहू नयेत. चार गेजची वायर म्हणजे साधारण २१ चौरस मिमी तांबं. बाजारात त्याच जाडीची तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायर स्वस्तात मिळते. ब्लेडने एक तार खरवडून बघा, आतून पांढरी निघाली तर ठेवून या. ४०० वॅटसाठी अँप बॅटरीतून ३५-३६ अँपिअर ओढणार, तिथे काटकसर नको. ६० अँपिअरचा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर घातला. पॉवरची वायर ड्रायव्हरच्या बाजूने, आरसीए (डॅशबोर्डवरच्या प्लेअरकडून अँपला सिग्नल नेणारी केबल) दुसऱ्या बाजूने.

दुसरी गोष्ट अर्थिंगची. डिकीत पत्र्यावरचा रंग पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासला, लग बोल्टने आवळला, आणि वरून गंजरोधक रंग मारला. हे शेवटचं आपल्याकडे विसरून चालत नाही. माझं जाणंयेणं खानापूर-जांबोटीकडे असतं, तिथल्या पावसाळ्यात उघडा पत्रा एका हंगामात तांबडा होतो. मग अर्थ सैल होतो आणि अॅक्सिलरेटरबरोबर वाढणारी शिट्टी स्पीकरमधून ऐकू येऊ लागते.

पहिला रविवार

गेन म्हणजे काय ते मी माझ्या धाकट्या भावाला असं सांगितलं. हेड युनिट (डॅशबोर्डवरचा प्लेअर) जास्तीत जास्त स्वच्छ किती व्होल्ट देऊ शकतं, आणि अँपला पुऱ्या ताकदीवर यायला किती व्होल्ट लागतात, ही दोन मापं जुळवायचा तो स्क्रू आहे. तो अर्ध्यावर ठेवला म्हणजे अर्धे वॅट मिळाले, असा हिशेब नसतो. एखाद्या हेड युनिटला पाव फेऱ्यातच अँप भरून जातो, दुसऱ्याला पाऊण लागतो.

तेव्हा आधी हेड युनिट. आवाज ० ते ४०. इक्वलायझर सपाट, लाउडनेस बंद, सब-लेव्हल (हेड युनिटमधली सबच्या आवाजाची वेगळी पातळी) शून्यावर. ५० हर्ट्झचा शून्य डीबीचा, म्हणजे फाइलमध्ये मावेल तेवढ्या पुऱ्या पातळीचा, टोन पेन ड्राइव्हवर डब्ल्यूएव्ही फाइल म्हणून घातला. ब्लूटूथ मुद्दाम टाळलं, कारण मध्ये फोनचा स्वतःचा आवाज येतो आणि आपण नेमकं काय मोजतोय ते धड कळत नाही. उद्यमबागेत मशीनचे ड्राइव्ह दुरुस्त करणारा माझा एक मित्र आहे, मूळचा गोकाकचा. तो बॅटरीवर चालणारा हातातला ऑसिलोस्कोप (लाटेचा आकार दाखवणारं यंत्र) घेऊन आला. आरसीएवर लावून आवाज एकेक वाढवत गेलो. ३५ पर्यंत लाट गोल, ३६ ला शेंडी बसायला सुरुवात. म्हणून ३४ ही मर्यादा धरली. मीटरवर तिथे २.७ व्होल्ट. डब्यावर ४ व्होल्ट लिहिलंय, पण आपल्याला आपल्या गाडीत जे मिळतं त्याच्याशी काम.

आता अँपच्या बाहेर किती हवेत? वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. इथे अँप ५०० चा आणि सब ४०० चा, त्यातला लहान आकडा धरायचा. ४०० गुणिले २ म्हणजे ८००, वर्गमूळ २८.३. अँप ३१.६ पर्यंत जाऊ शकतो, पण आपण २८.३ ला थांबायचं.

सबच्या तारा अँपमधून काढल्या. जोडलेल्या ठेवून असा टोन मिनिटभर वाजवला तर मोजतामोजताच कॉइल तापेल. इंजिन चालू ठेवलं, कारण बंद गाडीत बॅटरी १२.४ व्होल्ट होती आणि चालू केल्यावर १४.१. या अँपची ताकद त्यावर अवलंबून आहे. त्यासाठी गाडी अंगणात काढली, बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून डिकीत डोकं घालून बसू नये. मीटर एसी २०० व्होल्टवर. स्वस्त मीटर याला चालतो, आपली घरची वीज ५० हर्ट्झचीच असते आणि तो त्याच गोल लाटेसाठी बनवलेला असतो.

गेन पूर्ण डावीकडे, बेस बूस्ट शून्य, आवाज ३४. मित्र मीटर धरून आणि मी बारीक स्क्रू-ड्रायव्हर घेऊन. तो त्याच्या कन्नडमध्ये "स्वल्प, स्वल्प" म्हणत होता, म्हणजे थोडं-थोडं, आणि २८.३ आल्यावर "साकु!", म्हणजे पुरे. गेन घड्याळात नऊ वाजतात तिथे होता. दुकानवाल्याने लावला होता त्याच्या निम्माही नाही.

इथे माझी एक चूक सापडली. लो-पास फिल्टर (ठरवलेल्या सुराच्या वरचं अडवणारा) मी आधीच ८० हर्ट्झवर आणून ठेवला होता. सहज तो पूर्ण उघडला तर मीटर ३०.३ वर गेला. ५० हर्ट्झ ८० च्या खाली असला तरी दर सप्तकाला १२ डीबीच्या उताराचा फिल्टर त्यातला सुमारे सात टक्के व्होल्टेज खातच असतो. म्हणजे मी फिल्टरमागून मोजत होतो, आणि ३० हर्ट्झसारखा खालचा सूर आला असता तर जवळपास पूर्ण ३० व्होल्ट, म्हणजे ४५० वॅट सबवर पडले असते. फिल्टर उघडा ठेवून पुन्हा २८.३ लावलं, नंतर ८० वर आणलं. ज्यांनी फिल्टर ८० वगैरेवर ठेवूनच गेन लावलाय त्यांनी एकदा तो उघडून बघाच.

मग स्कोप अँपच्या आउटपुटवर, लाट स्वच्छ. बॅटरीचा स्कोप यासाठी बरा की काही अँपमध्ये स्पीकरची मायनस तार बॉडीला नसते. दोन्ही तारा जिवंत असतात, आणि भिंतीतल्या प्लगवरच्या स्कोपची अर्थ क्लिप तिला लावणं धोक्याचं ठरू शकतं.

एक खुलासा. २ ओहम हा नावाचा आकडा. मीटरने दोन्ही कॉइल मिळून १.७ च्या आसपास दाखवतात, आणि वाजताना पेटीतल्या रेझोनन्सजवळ (सब आपसूक जास्त हलतो त्या सुराजवळ) इम्पीडन्स, म्हणजे ओहममधला प्रत्यक्ष विरोध, बराच चढतो. तेव्हा प्रत्यक्षात सबला ४०० पेक्षा कमीच वॅट जातात. सूत्र वरची मर्यादा ठरवायला, तेवढ्यासाठीच.

हायवेवर

संध्याकाळी काकतीवरून हत्तरगी, संकेश्वर करत निपाणीपर्यंत गेलो. आई मागे बसली होती. शहरात, गोवावेस ते तिसऱ्या गेटपर्यंत, मला हवा तसा आवाज होता. आमच्याकडे मोठ्या आवाजाला सरसकट डॉल्बी म्हणतात, गणपतीच्या मिरवणुकीतली ती स्पीकरची भिंत. मला ती गाडीत नको आहे. मला डग्ग्याचा घुमारा हवा, बोटाखाली सूर वर सरकतो तो ऐकू यायला हवा. आपल्या सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांची निर्गुणी भजनं मी नेहमी पहिल्यांदा लावतो. नव्या सबवर डग्गा समोरून, काचेपाशी वाजतोय असं वाटलं, डिकीतून नव्हे. आई म्हणाली, "आता कानात दडे बसंनात बघ." मला ती पावती पुरेशी होती.

पण ऐंशीच्या वेगाला बेस विरला. टायरचा आणि वाऱ्याचा आवाज खालच्या सुरांना गिळतो. हात आपोआप सब-लेव्हलकडे गेला, अधिक चार केलं, बरं वाटलं. तवंदी घाटात लक्षात आलं की गेन तर मी सब-लेव्हल शून्यावर लावला होता. आता त्याच्या वर चार डीबी ढकलले म्हणजे आवाज ३४ ला २८.३ चे ४५ व्होल्ट मागितले जाणार, जे अँपकडे नाहीत. जुना सब ज्या वाटेने गेला तीच वाट. निपाणीत चहा घेतला आणि परतताना शून्यावर आणून आलो.

दुसरा रविवार

सब-लेव्हल अधिक चारवर ठेवून सगळं पहिल्यापासून. आरसीएवर स्कोप: आता ३४ ला हेड युनिटच कापत होतं. ३२ ला थोडं, ३१ ला गोल. म्हणजे नवी मर्यादा ३१. मग सबच्या तारा काढून, फिल्टर उघडून, इंजिन चालू करून २८.३. गेन जरासा उजवीकडे सरकला, नऊच्या पुढे साडेनऊ म्हणा.

सब-लेव्हल परत शून्यावर आणल्यावर मीटर १७.९. वर्ग करून २ ने भागला तर १६० वॅट. गावात एवढे भरपूर आहेत, आणि हायवेला अधिक चारपर्यंत जायची मोकळीक, तीही न फाटता. माझं मत असं झालंय: ज्या सब-लेव्हलच्या वर तुम्ही कधीच जाणार नाही, तीच ठेवून गेन लावावा.

पुष्कळ जण उणे ५ डीबीचा टोन वापरायला सांगतात, कारण गाण्यांत एवढ्या खाली पुरा शून्य डीबी क्वचित असतो. जुन्या ध्वनिमुद्रणांसाठी ते पटतं. पण त्याने पुऱ्या पातळीचा सूर आला तर १.७८ पट, म्हणजे ५० व्होल्टची मागणी होते. गाडी माझा भाऊही चालवतो, आणि त्याची रिमिक्स गाणी वरपर्यंत भरलेली असतात. मी शून्य डीबीवरच राहिलो. एकट्यानेच ऐकणाऱ्याने, आणि आवाजाच्या बटणावर भरवसा असणाऱ्याने, उणे ३ करून बघायला हरकत नाही.

मग सबच्या तारा जोडून, हळू आवाजात ८० हर्ट्झचा टोन लावून फेजचा स्विच (कोनाची हालचाल उलटी करणारा) ० आणि १८० करून बघितला. ड्रायव्हरच्या सीटवर १८० ला आवाज स्पष्ट भरला, तोच ठेवला. पुढच्या दारातल्या स्पीकरना ८० चा हाय-पास, म्हणजे त्याखालचं अडवणारा फिल्टर. त्यांच्या अंगावरचं ओझं उतरलं तसा गळा मोकळा झाला, हा फरक मला अपेक्षेपेक्षा मोठा वाटला. गेनच्या स्क्रूवर रंगाचा ठिपका दिला आहे, म्हणजे कोणी हात लावला तर कळेल.

अर्धा तास वाजवून अँपला हात लावला: गरम, पण हात ठेवता येईल इतपत.

आता जे आवाज येताहेत ते सबचे नाहीत. ४० हर्ट्झच्या खाली-वर डिकीच्या झाकणातलं प्लास्टिक खडखडतं, आणि ४५ ला नंबर प्लेट. प्लेटच्या मागे फोम चिकटवून झाला, ती गप्प आहे. झाकणासाठी ब्युटाइलच्या (कंप दाबणाऱ्या रबरी) शीट आणून ठेवल्यात. येत्या रविवारी मित्र मोकळा असला तर ट्रिम उघडतो.