मागं माणसं नसतील तर

आज चौथा दिवस. आण्णांचं वाक्य अजून डोक्यातून जात नाही.

रविवारी जेवणं झाल्यावर मी घरी वैमानिकाच्या नव्या नोकरीच्या ऑफरचं सांगितलं. आई ताटं गोळा करत होती, आण्णा सुपारी कातरत बसले होते. मी एका दमात सगळं बोलून टाकलं. मोठं विमान, बोइंग ७७७, पण मालवाहू. सतरा दिवस बाहेर, तेरा दिवस घरी. उत्तर पंधरा तारखेपर्यंत द्यायचंय. आईने पगाराचा आकडा दोनदा विचारून घेतला. आण्णांचा अडकित्ता चालूच होता. मग मान वर न करताच म्हणाले, "मागं माणसं नसतील तर झोप कशी आवरशील गं?"

एवढंच. नंतर उठून चूळ भरायला गेले.

टोमणा असता तर मी तिथल्या तिथे उत्तर दिलं असतं. लहानपणापासून मला ते जमतं. पण टोमणा नव्हता. खरंच विचारत होते. आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं, हे मला सोसत नाहीये.

एसटीच्या रातराणीवर ड्रायव्हर असतानाचे आण्णा मला आठवतात. मे महिन्याच्या सुट्टीत एकदा मला कराडहून मुंबईला सोबत नेलं होतं. इंजिनाच्या बॉनेटवर चौघडी घातलेली गोधडी, तिच्यावर मी. खालून ऊब यायची, सगळं अंग थरथरायचं. सातारा मागे पडल्यावर गाडीतले दिवे मालवले. मग मी आण्णांकडेच बघत बसले. थोड्या थोड्या वेळाने त्यांची नजर वर जायची, डोक्यावरच्या आरशाकडे. मागे काय दिसतं म्हणून विचारलं, तर म्हणाले, "माना." मी वळून पाहिलं. सगळ्या गाडीच्या माना कललेल्या. कुणाची खिडकीवर, कुणाची शेजाऱ्याच्या खांद्यावर. खंबाटकीच्या वळणांवर त्या सगळ्या एकदम एका बाजूला जायच्या आणि परत यायच्या.

मीही त्या मानांवरच नोकरी केली, असं आता वाटतं. रात्रीच्या शेवटच्या फेरीला केबिनमधले दिवे मंद होतात, दरवाजा बंद असतो, आरसा नसतो. पण १८० जण मागे झोपलेत हे मानेच्या मागच्या बाजूला जाणवत राहतं.

ज्यांच्यासोबत मी उडायचे ते कॅप्टन, आमचे सर, आता मालवाहूवरच आहेत. परवा फोनवर म्हणाले, "पेट्या तक्रार करत नाहीत. उशीर झाला तरी कुणी व्हिडिओ काढत नाही." ते सुखात आहेत आणि मला त्यांच्या सुखाचा आनंदच आहे. हाँगकाँगहून निघायचं, अँकरेजला उतरायचं, तिथून शिकागो. अँकरेज का, तर शंभर टनांच्या आसपास माल भरला की तेवढ्या पल्ल्याचं इंधन घेता येत नाही. अलास्कात टाकी भरून घेणं परवडतं. बेल्जियमचं लिएज, जर्मनीचं लाइपझिग, ही नावं ते आपल्या तालुक्यांसारखी घेतात. लाइपझिगला रात्री जाग असते. गावोगावची पार्सलं रात्री एका ठिकाणी आणायची, वाटून पुन्हा विमानात भरायची आणि सकाळी दारात पोचवायची, हा धंदाच मुळी रात्रीचा. घोडेही नेलेत त्यांनी. घोड्यांसोबत त्यांचा सांभाळणारा असतो. तेवढंच एक मागे माणूस.

जेवण आपलं आपणच ओव्हनमध्ये गरम करायचं. कॉकपिटच्या मागे झोपायचे दोन बंक असतात. त्यांच्या मागे भिंत, आणि भिंतीपलीकडे माल.

पहाटे दोन ते सहा हा आमच्या अभ्यासात शरीराच्या घड्याळाचा तळ. त्या वेळात माणूस कितीही झोपून आलेला असो, हात मंदावतात, आकडे वाचायला वेळ लागतो. हे सगळ्यांना माहीत आहे, नियम करणाऱ्यांनासुद्धा. आपल्याकडे २०२५ पासून आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ झाली, ती यामुळेच. पण अमेरिकेत २०१४ पासून जे कडक विश्रांतीचे नियम लागू झाले, ते प्रवासी विमानांनाच बंधनकारक आहेत. माल नेणाऱ्यांनी पाळले तर पाळले. खर्च आणि फायदा यांचा हिशोब मांडला आणि माल नेणाऱ्यांसाठी खर्च जास्त निघाला.

हे मी ग्राउंड क्लासपासून ऐकत आले होते. पण रविवारनंतर पुन्हा वाचलं तेव्हा पोटात कालवलं. आण्णांनी जे विचारलं त्याचंच हे उत्तर आहे. मागं माणसं नसतील तर? तर झोप तुमची तुम्ही बघा.

१४ ऑगस्ट २०१३. लुईव्हिलहून निघालेलं मालवाहू विमान, ए३००, पहाटे पावणेपाचच्या सुमारास अलाबामातल्या बर्मिंगहॅमला धावपट्टीच्या अलीकडेच जमिनीवर आदळलं. दोघंही वैमानिक गेले. कॉकपिटच्या रेकॉर्डरवर त्यांच्या गप्पा आहेत, त्याच उड्डाणाच्या. प्रवासी वैमानिकांना विश्रांतीचे नियम वेगळे आणि आपल्याला वेगळे, हे कसं काय, असं ते एकमेकांना विचारतायत. पुढे चौकशीत थकव्याचा उल्लेख आला. मी तो उतारा काल रात्री दोनदा वाचला आणि मग माझ्या लेकराच्या, चिकूच्या, अंगावरचं पांघरूण सारखं करायला गेले. पांघरूण सारखंच होतं.

आता ते लिहिते, जे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

२०२१ चा मे. आम्ही आमच्याच प्रवासी विमानातून माल नेत होतो, सीटवर पेट्या आणि वरून जाळी. दिल्लीहून बंगळूरला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर. निघण्याआधी मी केबिनमधून शेवटपर्यंत चालत गेले होते. १४ सी वर पेटी, १४ डी वर पेटी. इतकी शांतता मी विमानात कधी ऐकली नव्हती. त्या रात्री जाताना डोळ्याला डोळा लागला नाही, लागणं शक्यच नव्हतं. प्रत्येक पेटी कुणाच्या तरी उशाशी जाणार होती. माझा मामा त्याच आठवड्यात... ते असो.

परत येताना विमान रिकामं. ना माणसं, ना पेट्या. पावणेचारची वेळ. सर बाहेर बघत होते. कंट्रोलने फ्रिक्वेन्सी बदलायला सांगितली, सरांनी उत्तर दिलं आणि त्यांच्या आवाजाने मी दचकले. समोरच्या पडद्यावर पाहिलं तर पुढचा वेपॉइंट, म्हणजे मार्गावरची ठरलेली खूण, मागे पडला होता. तो कधी गेला ते मला आठवत नव्हतं. ऑटोपायलट चालू होता, सर जागे होते, काहीही झालं नाही. सरांनी पाण्याची बाटली पुढे केली, बाकी एक शब्द नाही. त्यांना कळलं होतं की नाही, मला आजही माहीत नाही.

म्हणजे आण्णांच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतंच. पाच वर्षं मी ते झाकून ठेवलं होतं, आणि त्यांनी सुपारी कातरता कातरता त्यावरचं झाकण काढलं.

दोन दिवस मी स्वतःची कीव करत बसले, हे खरं. कर्जाचे हप्ते अजून सात वर्षं. कमांडसाठी, म्हणजे कॅप्टन व्हायला, रांग. इथून निघायचं तर सहा महिन्यांची नोटीस. चिकूच्या बाबाचं म्हणणं एकच, तू ठरव. सगळ्यांनीच मला ठरवायला सोडलंय आणि मला कुणी हात धरून सांगावं असं वाटतंय. मोठं विमान मला हवंय, हेही खरं. ते मी लहानपणापासून मागत आलेय.

काल रांचीची फेरी होती. निघण्याआधी नोटॉकचा कागद आला, खाली कोणता विशेष माल आहे त्याचा. एचयूएम, एक, मागचा होल्ड. शवपेटी. अशी पेटी अधूनमधून येते. कामाला मुंबईत आलेलं कुणीतरी घरी जात असतं. कॅप्टनने सही केली, कागद माझ्याकडे दिला. बुकिंगच्या कागदावर तो माल आहे, किलोत वजन आहे. लँडिंग माझं होतं. मी चाकं किती हळू टेकवली ते मला ठाऊक. वर बसलेल्यांपैकी एक-दोघांनी उतरताना हात जोडले. माझ्या मनात ते खाली ठेवलेल्याकडे पोचले.

आज संध्याकाळी आण्णांचा फोन आला. आधी पाऊस, मग चिकूचा खोकला, मग गप्प. मग म्हणाले, "रविवारी बोललो ते लागलं का तुला?"

मी म्हटलं, "थोडं."

"मी आपलं विचारलं. मला ठावं नाही म्हणून विचारलं." पुन्हा थांबले. "माझ्या मागं तर माणसं होती. तरी एकदा झोप लागली. सुरूरच्या पुढं. गाडी खडीवर उतरली तेव्हा जाग आली. कंडक्टरपण झोपलेला. कुणालाच कळलं नाही. तुझ्या आईलापण ठावं नाही."

मी विचारलं, "कधी?"

"तू बॉनेटवर बसून आलीस ना, त्याच्या आधीच्या हिवाळ्यात."

त्यांची ती आरशात जाणारी नजर मला पुन्हा दिसली. पुढे मला बोलता येईना.

मग मीही २०२१ सांगितलं. वेपॉइंटसकट. त्यांना वेपॉइंट म्हणजे काय ते सांगावं लागलं, मैलाचा दगड म्हटल्यावर समजलं. रागावले नाहीत. थोड्या वेळाने एकदम कामाचं विचारायला लागले. लांबच्या पल्ल्याला कितीजण असता? मी म्हटलं, तीन, कधी चार. झोपायला जागा? आहे. पाळी कोण लावतं? कॅप्टन. दमलो म्हटलं तर गाडीवरून उतरवतात का, की डोळे वटारतात?

हे मी कंपनीला विचारलंच नव्हतं. पगार विचारला होता, घरभाडं विचारलं होतं, चिकूच्या शाळेची फी विचारली होती.

मेल लिहून ठेवलाय. किती तासांच्या पुढच्या फेरीला तिसरा वैमानिक देता? रात्रीच्या किती फेऱ्या लागोपाठ? हॉटेलात पोचल्यापासून विश्रांती मोजता की उतरल्यापासून? आणि "मी थकलेय, आज नेणार नाही" असं सांगितलेल्या वैमानिकाचं गेल्या वर्षी तुमच्याकडे काय झालं? शेवटचा प्रश्न तीनदा खोडला, तीनदा लिहिला. आता राहू दिलाय. उत्तर सरळ आलं तर मी जाईन असं आज वाटतंय. घोडे असोत, पेट्या असोत.

आण्णा फोन ठेवताना म्हणाले, "आरसा नसतो ना त्यात?"

"नसतो."

"बरं," म्हणाले. कशाला बरं, ते मी विचारलं नाही.

मेल सकाळी पाठवेन. पिकअप ३:४० ला आहे, आता साडेआठ झालेत. झोपते.