बाबांच्या बारा पेट्या आणि ‘अंदाजित किंमत’

बाबा प्राणीशास्त्र शिकवायचे. ते गेल्यावर वाशीच्या घरात काचेच्या झाकणाच्या बारा लाकडी पेट्या उरल्या. टाचणीला लावलेले भुंगेरे, चतुर, फुलपाखरं आणि सगळ्यात जास्त भातावरच्या किडी, म्हणजे पिवळा खोडकिडा, हिरवे तुडतुडे वगैरे. घणसोली, तुर्भ्याकडे भातशेती होती तेव्हाचे हे नमुने. बाबा तिथे रात्री पांढऱ्या चादरीसमोर कंदील लावून बसायचे. पेट्या विद्यापीठाच्या संग्रहाला द्यायच्या असं मी ठरवलं.

संग्रह सांभाळणाऱ्या सरांना ईमेल केली आणि चार दिवसांत ते घरी आले. 1972च्या वन्यजीव कायद्यात काही फुलपाखरंही संरक्षित आहेत, म्हणून त्यांनी आधी त्याच पेट्या तपासल्या. अडचण निघाली नाही. कीटकांपेक्षा टाचणीखालच्या चिठ्ठ्याच ते जास्त वेळ वाचत होते. “ताई, एकही चिठ्ठी हलवू नका. ठिकाण आणि तारीख गेली की नमुना अभ्यासातून गेला,” म्हणाले. ती माहिती असेल तर कुठली कीड कुठल्या महिन्यात होती ते पन्नास वर्षांनीही ताडून बघता येतं, जुन्या नमुन्याच्या एका पायातूनसुद्धा डीएनए मिळू शकतो.

मग मी कार्यालयात गेले. देणगीच्या अर्जात ‘अंदाजित किंमत’ असा रकाना होता. मी रेघ मारली. खिडकीवरच्या बाईंनी अर्ज परत केला: “किंमत नसेल तर डेड स्टॉक रजिस्टरला कशी चढवणार?” (डेड स्टॉक रजिस्टर म्हणजे संस्थेच्या टिकाऊ सामानाची नोंदवही.) पुढच्या खेपेला पेट्यांची किंमत लिहिली, तर लाकडाची पावती मागितली. 1970च्या दशकात वाशीच्या सुताराने केलेल्या पेट्यांची पावती! तिसऱ्यांदा सांगितलं, मूल्यांकन समितीकडे जाईल. समितीची बैठक कधी, ते कुणालाच माहीत नव्हतं. सात आठवडे गेले आणि मधे जुलै आला.

हे सात आठवडे मी विसरू शकत नाही. एका सकाळी अकराव्या पेटीत फुलपाखरांखाली बारीक तपकिरी भुगा दिसला. सुके कीटक खाणाऱ्या भुंगेऱ्यांच्या केसाळ अळ्या आत शिरल्या होत्या. डांबराच्या गोळ्या होत्या, पण त्यांच्या वासाने कीड लांब राहते, आत शिरलेली मरत नाही. सरांना फोन केला. त्यांच्या सांगण्यावरून प्रत्येक पेटी प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून दोन-दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये ठेवायला सुरुवात केली. माझ्या घरी जागा पुरेना, शेजारच्या काकूंनी त्यांचा रिकामा करून दिला. बाहेर काढल्यावर लगेच प्लास्टिक सोडू नका, खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर दव थेट कीटकांवर धरतं. अकरावी पेटी मात्र जवळजवळ संपली होती. रकान्यात काय लिहायचं एवढं पहिल्याच दिवशी कुणी सांगितलं असतं, तर ती वाचली असती.

सुटका झाली ती विभागप्रमुखांच्या पत्राने: नमुने विभागाच्या नमुना नोंदवहीत घ्यावेत, डेड स्टॉकला नाममात्र 1 रुपया दाखवावा. दोन ओळींचं पत्र. तुम्ही असं काही देणार असाल, तर अर्जाआधीच हे पत्र मागून घ्या.

आणखी एक, कार्यालयात टंकलेली नमुन्यांची यादी स्वतः तपासा. बाबांच्या काही चिठ्ठ्यांवर ‘पनवेल, जि. कुलाबा’ असं आहे. 1981 मध्ये रायगड हे नाव येण्याआधी तो कुलाबा जिल्हाच होता. टंकलेखकाने ते ‘कुलाबा, मुंबई’ केलं होतं. पनवेलचा खोडकिडा कागदावर मुंबईच्या टोकाला जाऊन बसला असता! एकेचाळीस नोंदी मी तिथेच बसून दुरुस्त करून घेतल्या. पेट्यांचे फोटो आधी काढून ठेवले होते, त्याचा इथे फार उपयोग झाला. बाबांच्या वह्याही सोबत दिल्या, मूळ प्रती. झेरॉक्स माझ्याकडे ठेवल्या.

अकराव्या पेटीतल्या नुसत्या टाचण्या आणि चिठ्ठ्या टाकून द्यायचा माझा विचार होता. सरांनी त्या मागून घेतल्या. काही टाचण्यांवर अजून एखादा पाय शिल्लक होता. ते पाय आता वेगवेगळ्या कुप्यांत आहेत, प्रत्येकाबरोबर बाबांच्या अक्षरातली चिठ्ठी.