चार रिटर्न बाकी

जानेवारी २०२५ मधलं हे प्रकरण अजून डोक्यातून जात नाही. सोलापुरात नवी पेठेत कर सल्लागाराच्या ऑफिसात सहा जणांचं काम मी बघतो.

डिसेंबरचं जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीच्या बिलांचं जीएसटी रिटर्न, भरायची मुदत ११ जानेवारी. १० तारखेला पोर्टलच आडवं पडलं, मुदत १३ झाली. लोकांना वाटतं, सुटलो. उलट असतं. दोन दिवस वाढले की पार्ट्यांना, म्हणजे आमच्या गिऱ्हाइकांना, विसरलेली बिलं आठवतात. व्हॉट्सॲपवर वाकडे फोटो येतात, नेमका जीएसटी नंबरावर अंगठा.

त्यात १३ म्हणजे यण्णीमज्जन, सिद्धेश्वर यात्रेतला तैलाभिषेकाचा दिवस. आमच्यातला एक जण मिरवणुकीतला नंदीध्वज, ती उंच जड काठी, धरतो. कितीतरी दिवस ऑफिस सुटल्यावर त्याचा सराव चालला होता. रजा डिसेंबरातच मंजूर, सही माझी. तरी सकाळी फोन केला, "चार रिटर्न राहिलेत, तासभर येऊन जा की." त्यालाच का? तो नाही म्हणत नाही म्हणून. किचकट फायली कायम त्याच्याच टेबलावर जातात, त्याचंही कारण हेच.

यात्रेच्या पांढऱ्या बाराबंदीतच आला. तीन झाले. चौथ्याचा ओटीपी त्या पार्टीच्या मालकाच्या मोबाइलवर. एरवी लूमच्या खडखडाटात त्यांना रिंग ऐकू जात नाही, त्या दिवशी ते मिरवणुकीत होते. कितव्या तरी फोनला उचलला. स्पीकरवर आधी आवाज आला तो, "एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र!" मग मालक ओरडून एकेक आकडा सांगायला लागले. याची बोटं कीबोर्डवर थरथरत होती. आकडा चुकला. परत टाकला, परत चुकला. उठून जिन्यात जाऊन बसला.

"काय झालं रे?"

"काही नाही अण्णा. ओटीपी शिळा झाला."

नंतर हिशोब केला. चारही रिटर्न दुसऱ्या दिवशी भरले असते तर रोजच्या ५० प्रमाणे लेट फी २०० रुपये. खरेदीदाराच्या टू-बीत, म्हणजे कराचं क्रेडिट दाखवणाऱ्या जीएसटीआर-२बीत, बिलं महिनाभर उशिरा दिसली असती, पार्ट्या ओरडल्या असत्या. ते ऐकून घ्यायलाच मला पगार आहे.

पुढं ऑफिसात ताणतणावावर व्याख्यान झालं, तेही रिटर्नच्याच आठवड्यात. दीर्घ श्वास घ्या म्हणाले. फोन वाजतच होते. आता ७ तारखेनंतर, उशिरा आलेल्या बिलांवरून पार्टीशी भांडण आणि ओटीपीचे फोन माझ्याकडे.

यंदाही डिसेंबरात त्याचा रजेचा अर्ज आला. तारीख तीच. गेल्या खेपेला कारणापुढं 'नंदीध्वज सेवा' लिहिलं होतं, ती जागा कोरी आहे.