कच्चे कैदी, पक्के कैदी

बेळगावहून वेंगुर्ला रस्त्याने शिनोळीकडे निघाले की हिंडलग्याचे कारागृह लागते. आमच्या घरात त्याचे नाव कधी घेतले जात नसे. नुसते ‘आत’ म्हटले की पुरे होई. सीमाप्रश्नाच्या एका आंदोलनात माझे थोरले काका काही दिवस ‘आत’ राहून आले होते. म्हणूनच की काय, आपल्या माणसाच्या अटकेची गोष्ट निघाली की आम्ही सीमाभागातले लोक पोलिसांचा एक शब्दही खरा मानत नाही आणि दहशतवादाच्या आरोपावरून परक्या माणसाला पकडल्याची बातमी आली की त्याच पोलिसांचा प्रत्येक शब्द प्रमाण मानतो. मीही अनेक वर्षे असाच वागत आलो.

‘आत टाकणे’ या एका शब्दप्रयोगात आपण दोन वेगळ्या गोष्टी कोंबतो. पहिली स्थानबद्धता, म्हणजे गुन्हा घडण्यापूर्वी केवळ शक्यतेवरून केलेली अटक. १९५० च्या एप्रिलमध्ये पाकिस्तानचे पंतप्रधान लियाकत अली खान दिल्लीला येणार म्हणून सावरकरांना याच हिंडलग्यात ठेवले होते, ते अशाच कायद्याखाली. आज राष्ट्रीय सुरक्षा कायद्यात या अटकेला बारा महिन्यांची कमाल मर्यादा आहे आणि तीन महिन्यांपुढे जायचे तर सल्लागार मंडळाची संमती लागते. दुसरी गोष्ट यूएपीए, म्हणजे बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायद्याखालची अटक. मुंबईवरील हल्ल्यानंतर डिसेंबर २००८ मध्ये झालेल्या दुरुस्तीने आरोपपत्रासाठी १८० दिवसांपर्यंत मुदत मिळू लागली आणि आरोप प्रथमदर्शनी खरा वाटला तर जामीन नाकारण्याचे बंधन न्यायालयावर आले. या कोठडीला वरची मर्यादाच नाही. खटला जितका लांबेल तितकी ती लांबते. लोक स्थानबद्धतेला जास्त घाबरतात, पण मला ही दुसरी कोठडी अधिक गंभीर वाटते.

हुबळीचे उदाहरण आपल्या दाराशीच आहे. २००८ मध्ये ‘सिमी’शी, म्हणजे ‘स्टुडंट्स इस्लामिक मूव्हमेंट ऑफ इंडिया’शी, संबंध असल्याच्या आरोपावरून तेथे अटका झाल्या; आरोपींत वैद्यकीय शिक्षण घेणारे तरुणही होते. २००१ पासून बंदी असलेल्या या संघटनेबद्दल मला तिळमात्र सहानुभूती नाही. परंतु २०१५ मध्ये हुबळीच्या न्यायालयाने सतराही आरोपींना निर्दोष सोडले. त्यांतल्या काहींवर इतर राज्यांत वेगळे खटले होते, हे खरे. तरी या एका खटल्याचा निकाल लागायला सात वर्षे गेली. याउलट शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील यासीन भटकळला ऑगस्ट २०१३ मध्ये पकडले आणि हैदराबादच्या दिलसुखनगर स्फोटांसाठी डिसेंबर २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने त्याला फाशीची शिक्षा सुनावली. म्हणजे मनात आणले तर साडेतीन वर्षांत निकाल लागू शकतो.

रखडलेल्या खटल्याचा फटका फक्त निर्दोष माणसालाच बसतो, असा माझा समज होता. तो २०२३ मध्ये गेला. त्या जानेवारीत नितीन गडकरी यांच्या नागपूरच्या कार्यालयात धमकीचे फोन आले आणि त्यांचा माग थेट हिंडलग्यातल्या एका कैद्यापर्यंत पोहोचला. पुढे नागपूर पोलिसांनी यूएपीए लावला आणि लष्कर-ए-तैयबाशी संबंधित गुन्ह्यात शिक्षा भोगणाऱ्या, याच तुरुंगातल्या दुसऱ्या कैद्यालाही ताब्यात घेतले. त्याच जुलैमध्ये बंगळूरमध्ये पाच तरुण पिस्तुलांसह सापडले. हे तरुण दुसऱ्याच एका गुन्ह्यासाठी बंगळूरच्या परप्पन अग्रहार तुरुंगात असताना २००८ च्या बंगळूर साखळी स्फोटांतील एका आरोपीने तिथे त्यांना आपल्या मार्गाला लावले, असा आरोप तपासयंत्रणेने केला. त्या स्फोटांचा खटला तेव्हा, पंधरा वर्षांनंतरही, चालूच होता. इराकमधल्या अमेरिकी छावणीत, कॅम्प बुक्कामध्ये, २००४ साली अबू बक्र अल-बगदादी होता आणि इस्लामिक स्टेटच्या अनेक म्होरक्यांच्या ओळखी तिथल्याच, हे आपण दूरची गोष्ट म्हणून वाचत होतो.

कच्चा कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेला माणूस, वर्षानुवर्षे कच्चाच राहिला की तो शिक्षा झालेल्या पक्क्यांच्या संगतीत राहतो. तो निर्दोष असेल तर त्याचे आयुष्य करपते आणि दोषी असेल तर त्याला नवे चेले मिळतात. ‘जामीन नाही ना मिळाला, मग झाले’ असे म्हणून समाधान मानणाऱ्या माझ्या मित्रांना हा दुसरा भाग पटवणे फार जड जाते. पहिल्या भागाकडे तर ते लक्षच देत नाहीत.

खटला वेळेत संपण्याची शक्यता नसेल तर यूएपीएची कडक तरतूद असूनही घटनात्मक न्यायालय, म्हणजे उच्च किंवा सर्वोच्च न्यायालय, जामीन देऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये के. ए. नजीब प्रकरणात सांगितले. निकाल योग्यच आहे, पण हा उपाय रोग बळावल्यानंतरचा. राष्ट्रीय तपास यंत्रणेच्या, म्हणजे एनआयएच्या, कायद्याच्या कलम १९ मध्ये विशेष न्यायालयाने कामकाजाच्या सर्व दिवशी रोजच्या रोज सुनावणी घ्यावी आणि या खटल्यांना त्याच आरोपीवरील इतर न्यायालयांतल्या खटल्यांपेक्षा अग्रक्रम द्यावा, असे २००८ पासून स्पष्ट लिहिलेले आहे. कायदा आणखी कडक करण्याची मागणी दर स्फोटानंतर होते. या कलमासाठी स्वतंत्र न्यायाधीश नेमा, अशी मागणी घेऊन आमच्या चन्नम्मा चौकात अजून एकही मोर्चा आलेला मी पाहिला नाही.